सिद्धार्थनगर, तालुका कर्जत

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या कर्जतात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, पोरांची सहामाही आणि भाताची कापणी. दहिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून आता शेत म्हणून फारसं काही दिसत नाही. नदीच्या अलीकडे चार खाचरं उरली आहेत, तेवढीच. पण ती पिवळी पडून कापायला आली की वास मात्र पूर्वीइतकाच येतो. कापलेल्या भाताचा, ओलसर पेंढ्याचा, दुपारभर तापलेल्या बांधाचा. मी गॅलरीत उभी राहते आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचा मला पत्ता नसतो. आमचे हे आतून म्हणतात, "सुरू झाला हिचा हंगाम."

यंदा त्या वासात संबोधीची घोकंपट्टी मिसळली. संबोधी माझ्या भावाची नात, सहावीत आहे. भाऊ अजून आमच्या जुन्या वस्तीत राहतो. परीक्षा आली की इतिहासापुरतं तिला माझ्याकडे आणून सोडतात, कारण आत्याआजीने पस्तीस वर्षं तोच धंदा केलाय. पोरगी पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून, पुढेमागे झुलत म्हणत होती, "पुरुषपूर म्हणजे आताचं पेशावर. पाटलीपुत्र म्हणजे आताचं पाटणा. पुरुषपूर म्हणजे..." मग एकदम डोळे उघडून तिने विचारलं, "आत्याआजी, नाव बदललं कशाला पण? आधीचं चांगलं नव्हतं का?"

मी माझा ठेवणीतला धडा काढला. पुरुषपूर ही कुशाणांची राजधानी. तिथे एवढा उंच स्तूप होता की दूरदेशीचे चिनी यात्रेकरू तो बघायला यायचे. बुद्धाचं भिक्षापात्र तिथे ठेवलेलं होतं असं सांगतात. पुढे राज्यं आली नि गेली, बोलणारी माणसं बदलली, आणि नाव तोंडातोंडी घासत परशावर झालं. मग एका बादशहाच्या काळात पेशावर झालं, आणि फारसी बोलणाऱ्यांनी त्यातून सरहद्दीचं शहर असा अर्थ काढला. कोणी एका सकाळी पाटी ठोकून ते बदललं नाही, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं असावं, कारण तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"मग आपल्या सिद्धार्थनगरचं आधीचं नाव काय होतं?"

"होतं काहीतरी," मी म्हटलं, "तू पाटलीपुत्राकडे बघ."

पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईचं हे उत्तर. वर्गात कुणा मुलीने असं दिलं असतं तर मी तिला बाकावर उभी केली असती. पण ते नाव मी तिला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. आमच्या जातीचं जुनं नाव आणि त्याला जोडून वाडा, एवढं सांगितलं म्हणजे ज्याला समजायचं त्याला समजेल.

स्टेशनकडून आलं की बाजार संपता संपता एक ओढा लागतो. ओढ्यापलीकडे आमची वस्ती, चाळीसेक घरांची. वस्तीमागे शेतं, शेतांमागे घाट. बाजारातल्या माणसांच्या लेखी गाव ओढ्याशी संपायचं. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला, घरातले देव ओढ्यात सोडले, मेलेली गुरं ओढायचं काम टाकलं. जे जे आपल्या हातात होतं ते ते त्यांनी बदललं. वस्तीचं नाव मात्र ओढ्याअलीकडच्या लोकांच्या तोंडात होतं, आणि तिथे आमचा हात पोचत नव्हता.

बाबा पोस्टमन होते. दामू पोस्टमन म्हटलं की अख्खा बाजार ओळखायचा. खाकी कपडे, पायात टायरच्या चपला, खांद्याला पिशवी, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून पत्रावरचं नाव पुरं, पत्त्यासकट मोठ्याने वाचायची सवय. 'श्रीमती अमुक तमुक, मुक्काम पोस्ट अमुक' असं ते वाचायचे तेव्हा चुलीपुढची बाईसुद्धा पदर सावरून बाहेर यायची. आमच्या वस्तीच्या पत्रांवर मात्र ते नुसतं माणसाचं नाव वाचायचे आणि थांबायचे. मला लहानपणी वाटायचं, आपल्या वस्तीला पत्ताच नाही.

मी मास्तरणीचा कोर्स करून घरी बसले होते त्या वर्षीची गोष्ट. विहारात बैठक बसली, नाव बदलायचं म्हणून. बाबांनी कुठल्याशा पुस्तिकेत पुरुषपुराचं वाचलं होतं आणि त्या शहराने त्यांना झपाटलं होतं. ते शहर एका घाटाच्या तोंडाशी, आपणही घाटाच्या तोंडाशी. तेही राज्याच्या कडेला, आपणही गावाच्या कडेला. त्यांनी उभं राहून सांगितलं, "माझ्या मतं पुरुषपूर ठेवावं."

बायकांच्या बाजूने खसखस पिकली. मथूमावशी म्हणाली, "आन मंग पानी भराया कोन जानार रं दामू, पुरुष?" झालं, पुढची पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकेना.

हसू ओसरल्यावर मथूमावशीचे मालक, म्हातारे सखाराम आबा बोलले. त्यांच्या शब्दाला वजन होतं. "नाव आसं पायजे का लहान पोराच्या तोंडात बसंल. सिद्धार्थनगर ठेवू. समद्यांनी तेच ठेवलंय."

"आबा, तेच तर म्हणतो," बाबा म्हणाले. "समद्यांनी तेच ठेवलंय. नेरळच्या बाजूला एक हाय, खालापूर तालुक्यात एक हाय. मी टपालातला माणूस. पत्रं चुकतील."

आबांनी शांतपणे तंबाखू मळली. "चुकली तरी आपल्याच मान्साकडं जातील ना?"

सिद्धार्थनगर ठरलं. बाबांच्या स्वभावातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे सांगते. दुसरा कोणी असता तर फुरंगटून बसला असता. बाबा घरी आले, भाकरी खाल्ली आणि आईला म्हणाले, "ठरलं म्हंजे ठरलं. आता ते चालाया पायजे." आणि दुसऱ्या दिवसापासून जे नाव त्यांनी सुचवलं नव्हतं त्याच्या मागे ते हात धुऊन लागले.

ठराव, अर्ज, शिक्का हे सगळं यथावकाश व्हायचं होतं. ऑफिसातले साहेब म्हणाले, नाव आधी सरकारी होऊ दे, मग टपालात चालेल. बाबांचं म्हणणं उलटं. नाव आधी टपालात चाललं तर सरकारला ते लिहावंच लागेल. मग त्यांनी जे केलं ते एखाद्या पोस्टमनलाच सुचावं. त्यांनी पोस्टकार्डं आणली आणि वस्तीतल्या प्रत्येक घराला एक एक पत्र लिहिलं. मजकूर सगळीकडे सारखा, 'जय भीम. पत्र पोचल्याचे कळवावे.' पत्ता मात्र प्रत्येकावर ठळक, 'सिद्धार्थनगर, ता. कर्जत.' सुटीच्या दिवशी कधी नेरळला, कधी खोपोलीला जाऊन ती पेटीत टाकली, म्हणजे दुसऱ्या गावचा शिक्का बसेल. चार दिवसांनी ती कार्डं फिरून त्यांच्याच पिशवीत आली आणि बाबा ती वाटायला निघाले.

मथूमावशीच्या दारात मी होते. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "श्रीमती मथुरा सखाराम, सिद्धार्थनगर, तालुका कर्जत."

मावशी पीठभरल्या हाताने बाहेर आली. "कुनाचं रं?"

"माझं."

"आन तू तर हितं उभा हायस."

"उभा हाय, पन पत्र खोपोलीवरनं आलंय. सही नको, नुसतं घे."

मावशीने ते कार्ड उलटंपालटं केलं, तिला वाचता येत नव्हतं, आणि आत नेऊन चौकटीतल्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. चाळीस घरांत चाळीस कार्डं अशी खोचली गेली. उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे. माझा हात दुखायला लागला तेव्हा मी म्हटलं, बाबा, तुम्हीच लिहिता, तुम्हीच वाटता, नि उत्तरं पुन्हा तुम्हालाच. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते म्हणाले, "सिद्धार्थनगरचं टपाल वाढतंय."

त्याच सुमाराला आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. कुलाब्याचं रायगड झालं. एवढा मोठा जिल्हा, सगळे तालुके, समुद्र, डोंगर धरून एका हुकुमात बदलला. पाट्या रंगल्या, शिक्के आले, आणि लोक बिनतक्रार रायगड म्हणू लागले. आमची चाळीस घरं काही बदलता बदलत नव्हती. बाजारात अजून तेच, ओढ्यापलीकडचं जुनं. मला त्याचा फार राग यायचा. विशीतला राग होता, तो लपत नाही.

त्याच रागात मी नोकरीचा अर्ज भरला. शिक्षकांच्या जागा निघाल्या होत्या, मुलाखती अलिबागला व्हायच्या होत्या. आमच्या घरात तोवर एका माणसाचा पगार आणि दीड एकराचा तुकडा. धाकटा भाऊ शिकत होता, आईला दम लागायचा. मी नोकरीला लागले की शेतावरची आईची पाठ सुटेल, हे घरात कोणी बोलत नव्हतं पण प्रत्येकाला माहीत होतं. अर्जात पत्त्याला बोटभर जागा. मी त्यात मोठ्या ऐटीत लिहिलं, 'सिद्धार्थनगर, जि. रायगड.' दोन्ही नवीकोरी नावं शेजारी शेजारी बघून मला इतकं बरं वाटलं की तालुका लिहायचा राहिला. पोस्टमनची मुलगी मी, चाळीस कार्डांच्या उत्तरांवर 'ता. कर्जत' लिहून ज्या हाताला घट्टे पडले, त्या हाताने नेमक्या त्या अर्जात तालुका गाळला.

मुलाखतीचं पत्र येईना. दसरा गेला. आमचं झिनी वाणाचं भात पिकून आडवं पडायला लागलं आणि कापणी सुरू झाली. मी सकाळी विळा घेऊन आईबरोबर शेतात उतरायची, पण कान बाबांच्या चपलांकडे. बाबा दुपारी बांधावर येऊन उभे राहायचे आणि मी विचारायच्या आधीच मान हलवायचे. ते दिवस आठवले की मला आजही पहिल्यांदा तो बांध दिसतो, त्यावर वाळत घातलेले भारे आणि त्यांच्यामागे खाकी सदऱ्यातले बाबा. किती आठवण येते म्हणून सांगू. आता तसं कोणी माझ्यासाठी रिकाम्या हाताने येऊन उभंसुद्धा राहत नाही.

रविवार होता. पोस्ट बंद, म्हणून बाबाही आमच्याबरोबर कापणीला. ऊन कलून पश्चिमेकडच्या डोंगराची सावली खाचरात उतरली होती. आम्ही भारे बांधत होतो तेव्हा वस्तीतल्या एका पोरीमागून एक बाई बांधावरून चालत आली. पन्नाशी ओलांडलेली, हातात पिशवी, लुगडं पोटरीपर्यंत धुळीने माखलेलं. ती बांधावर थांबली.

"ह्येच सिद्धार्थनगर ना वो?"

"हेच," बाबा म्हणाले.

"कुसुम दामोदर कोन?"

मी पुढे झाले. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. "आमच्यात आलं काल. आमी खालापूर तालुक्यातलं सिद्धार्थनगर. आमच्यातल्या शाळंच्या पोरीनं वाचलं, म्हनली उद्याचं बोलावनं हाय अलिबागला. म्हटलं चुकून आलंय, नेऊन द्याया पायजे. समदी मान्सं कापनीला. म्हटलं मीच जाते."

मी पत्र वाचलं. सोमवारी सकाळी साडेनऊ, अलिबाग. रविवारी पनवेलच्या बाजूला जाणारी शेवटची गाडी चारला सुटायची. डोंगराची सावली आमच्या पायांपर्यंत आली होती, म्हणजे साडेपाच तरी वाजले होते.

"तुम्ही निघालात कधी?" मी विचारलं.

"सकाळच्या गाडीनं. धा वाजता टेसनात उतरले."

दहा ते साडेपाच. स्टेशनपासून आमच्या ओढ्यापर्यंत चालत वीस मिनिटं. मी विचारलं की मग दिवसभर होता कुठे. ती, हौसाबाई तिचं नाव, बांधावर बसत सांगू लागली. स्टेशनात विचारलं, सिद्धार्थनगर कुठं. कोणाला माहीत नाही. पोस्ट गाठलं, तर कुलूप. कोणी सांगितलं नवीन काहीतरी नगर झालंय ते दहिवलीला, म्हणून पूल ओलांडून दहिवलीला गेली. तिथून कोणी परत पाठवलं. दामोदर म्हणून विचारलं तर दामोदर कोणाला ठाऊक नाही, बाजाराला फक्त दामू पोस्टमन ठाऊक. सगळं कर्जत तिने त्या उन्हात तीनदा पालथं घातलं. शेवटी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या आमच्या पोरीला विचारलं, तेव्हा रस्ता सापडला.

माझा तोल गेला. मी सरळ तोंडावर म्हटलं, "मावशी, तुम्ही जुनं नाव विचारलं असतंत तर साडेदहाला इथे असतात. कोणीही बोट दाखवलं असतं. माझी गाडी मिळाली असती."

आईने माझा दंड धरला.

हौसाबाई रागावली नाही. पायाला लागलेला चिखल ती बोटाने काढत होती. "तोंडापरेंत आलं व्हतं गं. न्हाई म्हनत नाय मी. त्या पेठंतल्या दुकानात गेले, घसा वाळला व्हता. म्हटलं सिद्धार्थनगर कुठं हाय वो. दुकानदाराला म्हाईत नव्हतं, पन त्यानं आदी पानी दिलं. पेल्यात. हातात पेला दिलान. बस म्हनला सावलीला. आता त्याला जुनं नाव इचारलं आसतं, तर त्यानं वळखलं आसतं ना मी कोन ती. मंग त्यो पेला..." चिखलाचं बोट तिने बांधाला पुसलं. "आजवर बाजारात कुनी हातात पेला दिला नव्हता. म्हटलं राहू दे. हुडकू आपन."

चूक माझी होती, तालुका मी गाळला होता, आणि मी तिच्यावर ओरडले होते. बाबांनी खाली वाकून तिची पिशवी उचलली आणि म्हणाले, "बाई, घरी चला. च्या घ्या." आणि मला आबांची बैठकीतली गोष्ट आठवली. पत्र चुकलं होतं, आणि आपल्याच माणसाकडे गेलं होतं.

इथे थोडं थांबते. काल संबोधीला सोडायला वस्तीत गेले होते. ओढा आता पाइपातून जातो, वर सिमेंटचा रस्ता आहे. सिद्धार्थनगर अशी निळी पाटी आहे, तिच्यावर नगर परिषदेचा शिक्का आहे, रिक्षावाल्याला म्हटलं की तो मान न वळवता आणून सोडतो. पण समोर अठरा मजली संकुल उभं राहिलंय, त्याचं नाव इंग्रजी, मला उच्चारायला त्रास होईल असं. माझा भाचा फोनवर सामान आणणाऱ्याला सांगत होता, "हां भाई, टॉवर के पीछे." मी म्हटलं, अरे सिद्धार्थनगर सांग की. तो म्हणाला, "आत्या, त्याला टॉवर माहीत असतो गं. आणि तसंही लोकेशन पाठवलंय." संबोधीने मला समजावलं की आता नावाची गरजच नसते, टिंब टाकलं की माणूस दारात येतो. पोरगी बरोबर बोलत होती. मला मात्र घरी येईपर्यंत चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. पुरुषपूरवाल्यांनाही कधीतरी असंच झालं असेल का? आपल्याच नातवाच्या तोंडून परशावर ऐकताना कुणी म्हातारी अशीच गप्प झाली असेल का? पुस्तकात तिची नोंद नाही.

हौसाबाईला मी नंतर कधीच भेटले नाही. खालापूर काही दूर नाही, अर्ध्या तासाची गाडी. किती वेळा निघायचं ठरवलं, एकदा तर खोपोलीच्या स्टेशनावर उतरून चहा पिऊन परत आले. तिला भेटले असते तर तिने विचारलं असतं आणि मला खरं सांगावं लागलं असतं. आता ती असण्याची शक्यता नाही. तिचा चेहराही मला नीट आठवत नाही, नुसत्या त्या मळलेल्या पोटऱ्या आठवतात. आणि ओढ इतकी लागते की वाटतं, एकदा तिच्या पायांवर गरम पाणी ओतायला मिळायला हवं होतं. तेवढंही मला त्या संध्याकाळी सुचलं नाही, आईने केलं.

सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने बाबा आणि मी निघालो. पनवेलला गाडी बदलली, पेणला पुन्हा बदलली. अलिबागला कचेरीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलाखती चालू होत्या पण आमच्या यादीतली नावं संपली होती. टेबलामागचे कारकून वयस्कर, चेहऱ्यावरून भला माणूस. त्यांनी माझं पत्र बघितलं, घामाने भिजलेल्या बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "बसा. साहेबांना सांगून शेवटी घालतो तुम्हाला."

मग त्यांनी कागद लावून बघायला घेतले आणि त्यांची भुवई वर गेली. शाळेच्या दाखल्यावर वस्तीचं जुनं नाव होतं, अर्जात सिद्धार्थनगर होतं. "ही दोन गावं झाली," ते म्हणाले. "सिद्धार्थनगर तर आमच्या यादीतही नाही. असं करा, या कोऱ्या कागदावर लिहून द्या, मी राहते ते गाव म्हणजे हे जुन्या नावाचं. खाली सही. एवढं झालं की काम झालं."

त्यांनी पेन पुढे केलं. बाबा दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "लिही. येवढं काय. नंतर बघू." त्यांचा आवाज कोरडा होता, पण ते खरंच म्हणत होते. चाळीस कार्डं लिहिणारा माणूस माझ्यासाठी ते नाव गिळायला तयार झाला होता.

मी कागद ओढला. मला धीट व्हायचं नव्हतं, मला नोकरी हवी होती. आईची पाठ दिसत होती, खाचरात वाकलेली. पण पेन टेकवलं की दुसरंच डोळ्यांपुढे यायचं, पेठेतलं दुकान, सावलीत बसून दोन्ही हातांनी पेला धरलेली ती बाई. तिने सात तास जे तोंडातून काढलं नाही ते मी दोन मिनिटांत कागदावर काढणार होते. मी लिहिलं, 'माझ्या गावाचे नाव सिद्धार्थनगर, तालुका कर्जत, असे आहे.' आणि सही केली.

कारकुनांनी वाचलं. "बाई, हे नाही. जुनं लिहा."

"दुसरं नाव नाही," मी म्हटलं.

त्यांनी मला समजावलं, दोनदा. मग त्यांनी माझे कागद एकावर एक नीट लावले, टाचणी लावली आणि परत दिले. ते माझ्यावर चिडले नाहीत, त्यांना वाईट वाटलं होतं असंच मला आजही वाटतं. मला नोकरी लागली ती दोन वर्षांनी, वस्तीच्या ठरावावर शिक्का बसल्यावर. त्या दोन वर्षांत आई आणखी दोन कापण्या वाकली. तिने मला कधी बोल लावला नाही, पण मी तेव्हा बरोबर केलं की चूक हे मला या वयातही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

परतताना वडखळला गाडी थांबली तेव्हा बाबांनी मीठ लावलेली काकडी घेतली. अर्धी मला दिली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुरुषपूर ठेवलं आसतं तर पत्र चुकलंच नसतं." काकडी संपवून त्यांनी हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "पन मंग ती बाई पन आली नसती."

कर्जतला उतरून ओढा ओलांडला तेव्हा ऊन उतरत होतं. मला वाटलं होतं हौसाबाई सकाळच्याच गाडीने गेली असेल. खाचराशी आलो आणि बघतो तर निम्म्याहून जास्त भात कापून पडलेलं. आई एका अंगाने कापत होती, आणि दुसऱ्या अंगाने माझा विळा घेऊन हौसाबाई. दोन माणसं कामाची अलिबागला गेली, एकटी बाई कशी उरकणार, म्हणून ती सबंध दिवस राहिली होती.

आम्हाला बघून ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, कपाळावरचा घाम कोपराने पुसून तिने विचारलं, "झालं का गं काम? पोचलीस ना येळंत?"

आई माझ्याकडे बघत होती. बाबा माझ्याकडे बघत होते.

"झालं, मावशी," मी म्हटलं. "तुमच्यामुळे झालं."

"बरं झालं बाय," ती म्हणाली. "मला रातभर घोर व्हता." आणि तोंड फिरवून ती पुन्हा कापायला वाकली. बाबांनी पिशवी बांधावर ठेवली, खाकी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारची पात धरली.